उमेदवार कोणाच्या पैशावर उभा राहतो?

(गांवच्या वाचनालयांत एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



मी शाळामास्तर. मतदानाच्या दिवशीं खोलींत बसून लोकांच्या बोटाला शाई लावणें, एवढाच माझा राजकारणाशीं संबंध. आदल्या रात्रीं वस्तीवर काय वांटलें, याची कुजबूज रांगेंत ऐकूं येते. वांटणाऱ्यानें तें कोठून आणलें, हें मात्र कोणी विचारीत नाहीं.

शेजारच्या एका गांवीं शेतमजुराच्या घरची एक बाई आहे. बचत गटाचा हिशेब पैन् पै चोख ठेवते. जिल्हा परिषदेची जागा राखीव झाली, लोकांचें मनही तिच्याकडे होतें. पण गाडी, पत्रकें, कार्यकर्त्यांचें जेवण यांचा अंदाज काढला आणि बाई घरीं बसली. जी उभी राहिली, तिचा खर्च एका ठेकेदारानें केला. पुढें रस्ता कोणी केला व कसा केला, हें तुम्हीं चालून पाहिलेंच आहे. सावकारानें बियाण्याला पैसे दिले म्हणजे खळ्यावरचें पहिलें माप त्याचें. जागा आम्हांस मिळाली, तिचें खत मात्र दुसऱ्याच्या पेटींत राहिलें.

कोणी म्हणेल, खर्चाला मर्यादा आहे, तीस दिवसांत आयोगाला हिशेब द्यावा लागतो. द्यावा लागतो खरा. पण कागदावर बेरीज जुळवणें तिसरीच्या पोरालाही येतें! जानेवारी २०२१ मध्यें नाशिक जिल्ह्यांतील उमराणें व नंदुरबार जिल्ह्यांतील खोंडामळी येथील ग्रामपंचायतींच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगानें रद्द केल्या, कारण तेथें पदांचा लिलाव झाल्याचें उघडकीस आलें. तो लिलाव चारचौघांत झाला म्हणून सांपडला.

आतां तुम्हांस दूर नेतों. अमेरिकेंत सिॲटल नांवाचें शहर आहे. फेब्रुवारी २०२३ मध्यें त्याच्या नगरसभेनें जातीवरून भेदभाव करण्यास कायद्यानें बंदी केली. त्या देशांतील असें तें पहिलें शहर. हा ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत या पुण्यास जन्मलेल्या. त्याच शहरांत २०१५ सालीं निवडणुकीच्या पैशाचा वाद मतास टाकला गेला व शंभरांतील सुमारें त्रेसष्ट मतें सुधारणेच्या बाजूनें पडलीं. ठरलें तें असें कीं, प्रत्येक मतदारास पंचवीस डॉलरचीं चार कुपनें घरपोंच धाडावयाचीं. तो तीं आपल्या पसंतीच्या उमेदवारास देतो, आणि नगरपालिका त्या उमेदवारास रोख पैसे देते. तें कुपन घेणाऱ्यानें खर्चाची मर्यादा पाळावयाची. आमच्याकडे पैसा उमेदवाराकडून मतदाराकडे जातो. तेथें तो मतदाराकडून उमेदवाराकडे जाऊं लागला. २०१७ पासून हें चाललें आहे.

पैसा येतो घरजमिनीवरील करांतून. तेव्हां दोन मालमत्ताधारक कोर्टांत गेले: आमच्या करावर आमच्याच विरोधकानें कां उभें राहावें? प्रश्न खोटा नाहीं. आपल्या चावडीवरही कोणी हाच विचारील. पण कुपन कोणास द्यावयाचें हें सरकार ठरवीत नाहीं, ज्याचें तो ठरवतो. तेथील राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानें २०१९ सालीं शहराच्या बाजूनें निकाल दिला.

म्हणून धनवान गप्प बसले असें समजूं नका. त्याच वर्षीं ॲमेझॉन कंपनीनें व्यापाऱ्यांच्या मंडळाच्या निवडणूक निधींत सुमारें पंधरा लाख डॉलर ओतले. तो निधि उमेदवाराच्या हातीं जात नाहीं, बाहेरून त्याच्यासाठीं खर्च होतो. आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या निकालामुळें अशा खर्चास मर्यादा घालतां येत नाहीं. तरी त्या निधीचे बहुतेक उमेदवार पडले आणि क्षमाबाई निवडून आल्या. बाईंनीं स्वतः कुपनें घेतलीं नव्हतीं, हेंही सांगितलें पाहिजे. पण त्या वेळीं त्या पडत्या तर जातीचा तो ठराव मांडण्यास त्या सभागृहांत नसत्या.

उणीव आणखी एक आहे. पहिल्या कांहीं निवडणुकांत शंभरांतील दहा जणांनींही कुपनें वापरलीं नाहींत. कागद घरांत पडून राहिले. तरीसुद्धां ऑगस्ट २०२५ मध्यें मतदारांनीं आणखी दहा वर्षांसाठीं हा कर स्वतःवर बसवून घेतला.

आपल्याकडे असें कुपन सरकार देईल तेव्हां देईल. तोंवर त्या बाईच्या गटांतल्या मंडळींनीं घरटी पन्नास रुपये काढावे, देणाऱ्याचें नांव वहींत लिहावें आणि निवडणूक झाल्यावर ती वही ग्रामसभेंत मोठ्यानें वाचावी. मी सरकारी नोकर, मला ती वही हातीं धरतां येणार नाहीं. पण जमेची बाजू कोठें व खर्चाची कोठें मांडावी, हें विचारावयास कोणी रविवारीं शाळेंत आलें, तर मी तेथें असेन.