आबांची बारी

 

आखाजी नुकतीच झाली. तुमच्याही घरी घागर भरली असेल, सांजोऱ्या झाल्या असतील, खापरावरच्या पुरणपोळ्या झाल्या असतील. यंदा आखाजीला मी माहेरी गेले होते. माहेर साक्री तालुक्यातलं, पांझरा नदीच्या काठचं. घागरीवर छोटा तांब्या ठेवला, त्यावर आंबा ठेवला आणि उंबऱ्यावर कुंकवाचं बोट लावत एकेका पितराचं नाव घेतलं. त्यात पहिल्यांदाच माझ्या आजोबांचं नाव आलं. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. नाव घेताना माझा आवाज अडला. तेव्हाच ठरवलं, या खेपेला रेडिओवर आबांबद्दल बोलायचं.

आबा काही पुढारी नव्हते. चौथीपर्यंत शिकलेले, जमीन थोडीशी. पण गावाने त्यांच्यावर एक मोठं काम सोपवलं होतं. ते फडाचे पाटकरी होते.

जळगावकडच्या मैत्रिणींना फड म्हणजे काय ते सांगायला हवं. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपासून चालत आलेली पाणी वाटायची ही पद्धत आहे. नदीला आडवा दगडी बंधारा घालायचा. त्यातून कालवा काढायचा, कालव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून सारंग आणि सारंगातून वावरात पाणी. गावची भिजणारी सगळी जमीन बहुतेक चार भागांत वाटलेली असते. त्या एकेका भागाला फड म्हणतात. एका फडात एका हंगामाला एकच पीक. या फडात ऊस, त्या फडात गहू, हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं आणि दरसाल बदलायचं. त्यामुळे जमिनीलाही विसावा मिळतो. पाणी कमी असलं, तर कोणता फड भिजवायचा आणि कोणता पडीक ठेवायचा, तेही सगळ्यांनी बसून ठरवायचं. आणि प्रत्येकाची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत असली, की पडीकाचा तोटा एकट्यावर पडत नाही.

यात पाटकरी पाणी सोडायचा, बारेकरी पिकाला पाणी द्यायचा, जागल्या पिकाची राखण करायचा. पाटकऱ्याला पगार नसायचा. पीक निघालं की शेतकरी आपापल्या वाट्याचं धान्य द्यायचे. वर्षातून एकदा घरटी एक माणूस फावडं घेऊन कालव्यातला गाळ काढायला यायचा. जो यायचा नाही, त्याने दंड भरायचा.

ऐकताना तुम्हाला आपल्या गटाची आठवण आली ना? नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, चोख हिशेब. मी जेव्हा पहिल्यांदा ही पंचसूत्री शिकून घरी आले आणि आबांना सांगितली, तेव्हा ते हसले. म्हणाले, "हे तर आमच्या फडासारखंच झालं. फक्त आम्ही पाणी वाटतो आणि तुम्ही पैसा."

आबा रात्री-अपरात्री कालव्यावर जायचे. हातात कंदील, पुढे बॅटरी आली, खांद्यावर फावडं. बारी कोणाची, कधी संपते, सगळं डोक्यात. एकदा उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी फार कमी होतं. चारीच्या शेवटाला एका विधवा बाईचं वावर होतं. तिची दोन पोरं लहान. रात्री तिची बारी आणि पाणी तिच्यापर्यंत पोचेचना. आबा चारीच्या कडेने वर चालत गेले, तर बांध फुटलेला. फोडलेला होता. पाणी ज्या वावरात चाललं होतं ते आबांच्या सख्ख्या धाकट्या भावाचं होतं.

आबांनी बांध बुजवला. भाऊ म्हणाला, तासाभराचं तर पाणी आहे, घरातलंच माणूस आहे. आबा एवढंच म्हणाले, "पानीले नातंगोतं नही. आज बारी तिन्ही शे." दुसऱ्या दिवशी बैठकीत त्यांनी स्वतःच्या तोंडाने भावाचं नाव सांगितलं आणि दंड लावायला लावला. भाऊ दोन वर्षं आमच्या उंबऱ्याच्या आत आला नाही. आबांना ते फार लागलं होतं, पण दंड परत केला नाही.

1972 च्या दुष्काळाच्या गोष्टी ते आम्हाला सांगायचे. कालवा कोरडा, फड कोरडे. पाटकऱ्याला वाटायला पाणीच नाही. तेव्हा ते गावच्या माणसांबरोबर खडी फोडायला गेले. आजीसुद्धा गेली. कामावर मिळालेली सुकडी दोघं पदरात बांधून पोरांसाठी घरी आणायची. पाऊस आल्यावर सगळ्यात आधी गावाने काय केलं, तर कालव्याचा गाळ काढला. आबा म्हणायचे, "पाणी येईल तेव्हा येईल, वाट आधी मोकळी पाहिजे."

पुढे नदीच्या वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरींवर मोटारी आल्या. ज्याच्याकडे मोटार, त्याला बारीची गरज उरली नाही. बऱ्याच ठिकाणचे फड मोडले. आमच्या गावचाही हळूहळू ढिला पडला. पण आबांनी मरेपर्यंत आपलं फावडं कोपऱ्यात उभं ठेवलं होतं.

माझ्या शिक्षणाला घरात विरोध होता. बारावी झाली, आता स्थळं बघा, असं सगळे म्हणत होते. आबा म्हणाले, तिचीही बारी आहे, ती तिला मिळू द्या. मी बी. ए. करत असताना संध्याकाळची एसटी उशिरा यायची. आबा फाट्यावर बसलेले असायचे. पावसात डोक्यावर पोतं घेऊन. मी म्हणायचे, आबा, मी येते एकटी. ते म्हणायचे, मी तुझ्यासाठी नाही, पाय मोकळे करायला आलोय.

आता मैत्रिणींनो, एक गोष्ट सांगते. ती सांगावी की नाही असं मनात येत होतं. पण आबांना खोटं मोठेपण आवडलं नसतं.

मी गटांच्या कामाला लागले तेव्हा एका प्रशिक्षणात लक्ष्मी मुक्तीची माहिती मिळाली. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने बायकोच्या नावावर जमीन करायची मोहीम चालवली होती. त्यानंतर 1992 साली महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढलं, की नवरा हयात असताना त्याने तलाठ्याकडे अर्ज केला, तर त्याच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहधारक म्हणून लावता येतं. त्याला मुद्रांक शुल्क भरावं लागत नाही.

मी घरी येऊन आबांना विचारलं, "आबा, मायचं नाव सातबाऱ्यावर आहे का?" आमच्या आजीला घरात सगळेच माय म्हणतात. आबा म्हणाले, "तिला कशाला? मी आहे ना."

माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "दुसऱ्याच्या विधवेपर्यंत पाणी पोचावं म्हणून तुम्ही भावाला दंड केला. उद्या तुमची बायको विधवा झाली, तर तिच्यापर्यंत काय पोचणार?"

घर गप्प झालं. माय चुलीपाशी होती, तिने वळून पाहिलं नाही. आबा उठून बाहेर गेले. त्या रात्री जेवले नाहीत. मला वाटलं, आपण फार बोललो. चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी धोतर नेसून, टोपी घालून तयार. म्हणाले, "चल तलाठ्याकडे. मन्ही चूक व्हयनी."

लगेच झालं नाही. मायचं नाव रेशन कार्डावर एक आणि आधार कार्डावर दुसरं. तीन खेपा झाल्या. आबांचं वय तेव्हा पंच्याहत्तरच्या पुढे. अर्ज दिला, फेरफार पडला, हरकतीची मुदत संपली, मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद मंजूर केली. नवा सातबारा हातात आला तेव्हा मायला वाचता येत नव्हतं. मी तिचं बोट धरून तिच्या नावावर ठेवलं. ती बराच वेळ बोट तिथेच ठेवून बसली. मग एवढंच म्हणाली, "पन्नास वर्षं निंदलं त्या वावरात."

आबा गेल्या वर्षी गेले. तेराव्यानंतर काही दिवसांनी घरात बोलणं निघालं, की आत्यांकडून हक्कसोड पत्र करून घ्यावं, म्हणजे पुढे कटकट नको. माझे काका वाईट नाहीत. सगळीकडे असंच करतात, म्हणून तेही म्हणाले. आत्या मान खाली घालून बसल्या होत्या. सही दिली नाही तर माहेर तुटेल, ही भीती आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे.

तेव्हा माय बोलली. सातबाऱ्यावर नाव होतं, म्हणून तिच्या बोलण्याला वजन होतं. ती म्हणाली, "माझं नाव आहे त्याच्यावर. मला विचारल्याशिवाय कागद हलायचा नाही. आधी वारस नोंद होऊ द्या. पोरींची नावं लागू द्या. मग त्यांना काय द्यायचं, काय सोडायचं, ते त्या ठरवतील."

वारस नोंद झाली. मायचं, मुलांचं, मुलींचं, सगळ्यांची नावं लागली. वाटणीचं बोलणं अजून चालू आहे, सगळं गोड झालंय असं नाही. पण यंदाच्या आखाजीला दोन्ही आत्या माहेरी आल्या होत्या, झोक्यावर बसल्या होत्या. आणि सांजोऱ्या काकांनी आणून दिल्या.

आता तुमच्यासाठी तीन गोष्टी सांगते, लिहून घ्या. पहिली, घरच्या जमिनीचा सातबारा काढा आणि गटाच्या बैठकीत वाचा. नवरा हयात असेल तर लक्ष्मी मुक्तीचं त्याच्याशी बोला. दुसरी, घरात कोणी गेलं तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसांची खबर द्या आणि त्यात मुलींची नावं आहेत का ते बघा. 2005 च्या कायद्याने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. कायदा झाला तेव्हा वडील हयात नसले तरी तो हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली सांगितलं आहे. तिसरी, हक्कसोड पत्र दुय्यम निबंधकाकडे एकदा नोंदवलं, की ते मागे घेणं फार अवघड असतं. म्हणून वाचल्याशिवाय, समजल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नका. हक्क सोडायचा असेल तर खुशीने सोडा, भीतीने नको.

आबांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या बाऱ्या सांभाळल्या. घरातली बारी त्यांच्याकडून राहून गेली होती. म्हातारपणी ती लक्षात आली, तेव्हा चूक कबूल करून त्यांनी ती दिली. मला त्यांच्या सगळ्या आयुष्यात हेच मोठं वाटतं.

ते फावडं मी मागून घेतलंय. आमच्या गटाच्या परसबागेत सारंग काढायला वापरतो.

पुढच्या वेळी भेटू. तोवर राम राम.