दागिना उलटून पाहावा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. पण मागच्या हळदीकुंकवाला बोरमाळेची गोष्ट निघाली आणि सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "हेच सर्वांपुढे सांगा." म्हणून उभी राहिले आहे.

हा मणी पाहा. माझ्या सासूबाईंच्या बोरमाळेतला हा एवढाच उरला आहे. मुलीला लग्नात नव्या घडणीची साखळी हवी होती, म्हणून मी ती माळ मोडीत घातली. काट्यावर ती अडीच तोळे भरली. आतली लाख काढल्यावर सोने उतरले जेमतेम सव्वा तोळा! सासूबाईंना कोणी तरी फसवले असे मला वाटले, आणि मी तसे बोलूनही दाखवले. तेव्हा दुकानातले म्हातारे कारागीर उठून आले. एक मणी त्यांनी मुशीत न टाकता बाजूला ठेवला होता. तो माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "वहिनी, फसवले नाही. निम्म्या सोन्यात पुरा दागिना करून दिला."

मग त्यांनी समजावून सांगितले. सोन्याचा पातळ पत्रा ठशावर ठोकून अर्ध्या बोराएवढ्या वाट्या करायच्या आणि दोन वाट्या तोंडाला तोंड लावून डाक द्यायचा. डाकाचे सोने मण्याच्या सोन्याच्या आधी वितळायला हवे, नाही तर सांधा जुळण्यापूर्वी मणीच वितळेल. म्हणून त्यात तांबे-चांदी जास्त. टाकणखार लावला की डाक नीट पसरतो. शेवटी मण्याच्या पोटात लाख भरायची, म्हणजे पत्रा चेपत नाही. गोलाई ही नुसती शोभा नव्हे. डब्याचे सपाट झाकण बोटाने दबते, वाटीचा बुंधा दबत नाही. तोच हा हिशेब. पूल बांधणारा इंजिनियर असाच विचार करीत असेल. आपला कारागीर तो बोराएवढ्या जागेत करतो.

तेव्हापासून मी प्रत्येक दागिना उलटून पाहते. नथीचे मोती सर्वांना दिसतात, पण ते पेलते ती तार. शुद्ध सोने मऊ, म्हणून 22 कॅरटमध्ये 24 भागांतले दोन भाग तांबे-चांदीसारख्या धातूंचे असतात. तार जंतरातून ओढली की बारीक होते आणि ताठही होते. फार ताठ झाली तर तुटेल, म्हणून मधूनमधून तापवून मऊ करावी लागते. नाक टोचलेले नसेल तर चापाची नथ. चाप घट्ट झाला तर नाक दुखते, सैल झाला तर नथ जेवणाच्या ताटात! कुड्यांच्या फिरकीचे आटे नीट नसतील, तर मोती कितीही पाणीदार असोत, कुडी हरवायचीच. आणि ठुशी पाहा. मागचा गोंडा सरकवला की तीच ठुशी नव्या नवरीच्या गळ्यात बसते आणि आजीच्याही.

2021 पासून दागिन्यांवर हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा होत गेला. ही चांगलीच गोष्ट झाली. 916 चा शिक्का म्हणजे हजारांत 916 भाग सोने, हे आता आपल्याला वाचता येते. पण तो शिक्का सोन्याचा कस सांगतो, हाताचा कस सांगत नाही. मोडीच्या काट्यावर घडणावळ शून्य होते. माझ्या सासूबाईंनी ती एकदा दिली होती, मी ती एका दुपारी मुशीत घातली. नवी साखळी छान आहे, मुलगी खूश आहे. तरी हा मणी पाहिला की मन खट्टू होते.

म्हणून भगिनींनो, माझ्याकडून एवढे ऐका. जुना दागिना मोडण्यापूर्वी उलटून पाहा. आत लाख किती, सोने किती, हे आधी विचारून घ्या. सांधा सुटला असेल तर डाक देऊन चालेल का, दोरा कुजला असेल तर गाठवून मिळेल का, हेही विचारा. लाखेचा दागिना कढत पाण्यात घालू नका, शेगडीजवळ ठेवू नका. कार्याला निघण्यापूर्वी फिरक्या तपासा. आणि मोडणे अगदी भागच पडले, तर अडचणीपुढे कोणाचा इलाज नाही. पण निदान घडवणाऱ्याला चोर म्हणू नका. मी म्हटले, त्याची मला आजही लाज वाटते.

हा मणी आता सर्वांनी हातात घेऊन पाहावा. फक्त माझ्याकडे परत येऊ द्या म्हणजे झाले!