हडपसर: कालव्यानं घडवलं, टँकरवर चाललंय

पुण्याचा एकेक भाग घ्यायचा आणि त्याच्यावर निवांत बोलायचं, असं आपलं चाललंय. आजचा भाग हडपसर.

हडपसर म्हटलं की तुमच्यातल्या निम्म्यांच्या डोळ्यांसमोर ट्रॅफिक आलं असणार. गाडीतळ, मगरपट्टा चौक, पुलाखालची ती गर्दी. ते सगळं खरंय. मीही इथेच भाड्यानं राहते, रोज त्याच पुलाखालून जाते. पण रस्त्यावर अडकून हडपसर कळत नाही. हडपसर समजून घ्यायचं असेल तर पाण्यामागे जावं लागतं. कारण हा भाग पाण्यानं घडवला आणि आज याचं सगळं भांडणही पाण्याचंच आहे.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणूया. पुणे शहराची पूर्व बाजू. कॅम्प ओलांडला, रामटेकडी मागे टाकली की हडपसर सुरू. उत्तरेला मुंढवा आणि मुळा-मुठा नदी. पूर्वेला मांजरी, शेवाळवाडी. दक्षिणेकडे महंमदवाडी, आणि सासवड रस्त्याला लागलात की फुरसुंगी, उरुळी देवाची. महापालिकेच्या हिशोबात हे हडपसर-मुंढवा क्षेत्रीय कार्यालय. आणि गंमत म्हणजे हडपसर विधानसभा मतदारसंघ पुणे लोकसभेत येतच नाही, तो शिरूर लोकसभेत आहे. म्हणजे मगरपट्ट्यातल्या आयटीवाल्याचा खासदार आणि शिवनेरीच्या पायथ्याच्या जुन्नरकराचा खासदार एकच! शहर आणि गाव यांच्या मधे हडपसर अजून कसं उभं आहे, हे एवढ्यावरूनही कळतं.

मुळात हे वाटेवरचं गाव. पुण्याहून सोलापूरला जाणारी वाट इथून, सासवडला जाणारी वाटही इथून. दरवर्षी आषाढीच्या आधी दोन्ही पालख्या पुण्यातून एकाच दिवशी निघतात आणि हडपसरला वेगळ्या होतात. ज्ञानोबांची पालखी सासवड रस्त्यानं दिवे घाटाकडे वळते, तुकोबांची सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोरला जाते. त्या दिवशी गाडीतळाला उभं राहून बघा एकदा. हा चौक का आहे, कशासाठी आहे, ते आपोआप समजतं.

या वाटेनं फौजाही आल्या. २५ ऑक्टोबर १८०२, ऐन दिवाळीत, यशवंतराव होळकरांनी दुसरे बाजीराव आणि दौलतराव शिंदे यांच्या एकत्र फौजेचा याच परिसरात पराभव केला. हडपसरची लढाई म्हणतात ती हीच. बाजीराव पळाले, इंग्रजांकडे गेले, आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला वसईचा तह झाला. मराठेशाहीच्या शेवटाची सुरुवात म्हणून आपण शाळेत जो तह शिकलो, त्याच्या आधीचा धडा या माळावर घडलाय. आज तिथून आपण कॅब बुक करतो.

आता पाण्याकडे येऊ. इंग्रजांनी मुठा नदीवर खडकवासल्याला धरण बांधलं, ते १८७९ साली पूर्ण झालं. त्याच्या जलाशयाचं तेव्हाचं नाव लेक फाइफ, फाइफ नावाच्या इंजिनिअरवरून ठेवलेलं. त्या धरणातून उजवा कालवा निघाला, शहराच्या दक्षिण अंगानं वळसा घालत पूर्वेला आला, आणि हडपसर-मांजरीच्या काळ्या जमिनीला बारमाही पाणी मिळालं. कोरडवाहू शिवार बागायती झालं. भाजीपाला, ऊस, फळं. पुणे शहर रोज जी भाजी खायचं, त्यातली बरीचशी याच पट्ट्यातून बैलगाडीनं मंडईत जायची. ती खूण अजून पुसलेली नाही. मांजरीला आजही बाजार समितीचा उपबाजार भरतो. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट मांजरीतच आहे, आणि देशाचं द्राक्ष संशोधन केंद्रही तिथेच. उसाची आणि द्राक्षाची एवढी मोठी केंद्रं एका शहराच्या कडेला का आली असतील? कालवा बघा, उत्तर मिळेल.

पाणी होतं, मोकळी जमीन होती, रेल्वे आणि सोलापूर रस्ता हाताशी होता. त्यामुळे स्वातंत्र्यानंतर इथे कारखाने आले. हडपसर औद्योगिक वसाहतीत किर्लोस्कर न्यूमॅटिक, शेजारी मुंढव्यात भारत फोर्ज. आणि १९६६ साली सायरस पूनावाला यांनी सीरम इन्स्टिट्यूट सुरू केली. पूनावालांचा मूळ धंदा घोड्यांचा. लशी आणि सीरम बनवायला तेव्हा घोडे लागायचे, ते मुंबईच्या हाफकिनला जायचे. घोडे दुसऱ्याला देण्यापेक्षा सीरम आपणच का बनवू नये, या विचारातून ही कंपनी उभी राहिली. जानेवारी २०२१ मध्ये कोविशील्डचे पहिले डोस पुण्यातून देशभर निघाले, ते याच हडपसर-मांजरीच्या पट्ट्यातून. तुमच्या आजीच्या दंडात गेलेली ती सुई कदाचित आपल्या शेजारच्या गेटमधून निघालेली होती.

म्हणजे शेती झाली, कारखाने झाले. मग १९९० च्या दशकात शहर सरकत सरकत शेताच्या बांधापर्यंत आलं. इथून पुढची गोष्ट जरा नीट ऐका, कारण हडपसरच्या दोन वाटा इथे फुटतात.

पहिली वाट मगरपट्ट्याची. साधारण चारशे एकर सलग जमीन, सुमारे एकशेवीस शेतकरी कुटुंबं, बहुतेक मगर आडनावाची. शहर येतंय म्हटल्यावर नेहमी काय होतं? एकेकाला गाठून जमीन घेतली जाते. पैसे येतात, गाडी येते, लग्न थाटात होतं, आणि दहा वर्षांनी त्याच जमिनीवरच्या इमारतीच्या गेटवर घरातला कोणीतरी वॉचमन असतो. मगरपट्ट्यातल्या लोकांनी जमीन विकली नाही. सतीश मगर यांच्या पुढाकारानं सगळ्यांनी ती एकत्र केली, कंपनी काढली, आणि ज्याची जितकी जमीन त्याला त्या प्रमाणात शेअर. २००० सालापासून तिथे टाउनशिप उभी राहायला लागली: घरं, शाळा, हॉस्पिटल, बाग, आणि आयटी कंपन्यांची सायबरसिटी. त्याच घरांतली मुलं मग तिथलीच छोटी-मोठी कंत्राटं घेऊन धंद्यात आली. पुढे सिंहगड रस्त्यावरची नांदेड सिटी याच धर्तीवर झाली.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असं नाही. चीनमध्ये ग्वांगझौ नावाचं अवाढव्य शहर आहे. त्याच्या तिआनहे या भागात उंच काचेच्या इमारतींच्या मधोमध लिएदे नावाचं जुनं गाव होतं. चीनमध्ये खेड्यातली जमीन एकट्याच्या नावावर नसते, ती गावाच्या सामूहिक मालकीची असते. २००७ मध्ये ते गाव पाडलं, आणि २०१० च्या आशियाई स्पर्धांच्या सुमाराला गावकऱ्यांना त्याच जागी टॉवरमध्ये फ्लॅट मिळाले. तिथे सामूहिक मालकी कायद्यानं आली होती. इथे ती लोकांनी आपसात बसून, एकमेकांना समजावून उभी केली. माझ्या मते दुसरं काम जास्त अवघड. भावाभावांत बांधावरून कोर्टकचेऱ्या चालणारा आपला मुलूख, त्यात एकशेवीस सातबारे एका टेबलावर आणायचे म्हणजे खायचं काम नाही.

पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच राहिली. ज्याचा सातबारा, त्याचा शेअर. त्याच शेतात जी बाई आयुष्यभर मजुरीनं खुरपत होती, तिच्या नावावर काहीच नव्हतं, म्हणून वाट्यालाही काही नाही. लिएदेतल्या भाडेकरूंचंही तेच झालं. गाव पाडलं आणि स्वस्त खोल्या गेल्या. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण तुम्ही-आम्ही बहुतेक भाडेकरूच आहोत.

दुसरी वाट बाकीच्या हडपसरची. तिथे जमीन तुकड्यातुकड्यानं गेली. कुणी एक एकर विकला, कुणी अर्धा, कुणी गुंठ्या-गुंठ्यानं. रस्ता किती रुंद, ड्रेनेज कुठून, पाण्याची लाइन कुठे, हे आधी ठरलंच नाही. आधी इमारत, मग लोक, मग महापालिका. २०१७ मध्ये अकरा गावं पुणे महापालिकेत आली, त्यात साडेसतरा नळी, केशवनगर, फुरसुंगी, उरुळी देवाची होती. २०२१ मध्ये आणखी तेवीस आली, त्यात मांजरी बुद्रुक आणि शेवाळवाडी. आणि मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांचीच मुदत संपली, कारभार प्रशासकाच्या हातात गेला. नव्यानं आलेल्या गावांनी तेव्हा गाऱ्हाणं घेऊन जायचं कुणाकडे?

फुरसुंगी आणि उरुळी देवाचीची गोष्ट तर वेगळीच. अख्ख्या पुण्याचा कचरा कित्येक दशकं या दोन गावांच्या हद्दीत पडत राहिला. कचऱ्याचं पाणी जमिनीत मुरलं, विहिरी खराब झाल्या. ज्या शिवारात पाटाचं पाणी खेळायचं तिथे पिण्यासाठी टँकरची वाट बघायची वेळ आली. लोकांनी गाड्या अडवल्या, आंदोलनं केली. शेवटी २०२४ मध्ये ही दोन्ही गावं महापालिकेतून बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. शहरात येऊन, कर भरून, परत बाहेर!

आता मूळ प्रश्न. पाणी गेलं कुठे? खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणं मिळून साधारण २९ टीएमसी साठा होतो. एक टीएमसी म्हणजे दोन हजार आठशे कोटी लिटरहून जास्त. हे पाणी पुणे शहराचंही आहे आणि त्याच कालव्यावरच्या हवेली, दौंड, इंदापूरच्या शेतकऱ्यांचंही. शहर वाढलं की पिण्याचं पाणी वाढतं, आणि तेवढं शेतीचं आवर्तन आखडतं. म्हणून दर उन्हाळ्यात ही रस्सीखेच.

यावर एक तोडगा निघाला, तो नेमका हडपसरमधून जातो. शहरानं वापरलेलं सांडपाणी शुद्ध करायचं, मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचलायचं आणि साडेसतरा नळीजवळ जुन्या कालव्यात सोडायचं. या जुन्या कालव्याला इकडे सगळे बेबी कॅनॉल म्हणतात. म्हणजे धरणाचं पाणी शहरानं प्यायचं आणि वापरलेलं पाणी शेताला द्यायचं. वर्षाला साडेसहा टीएमसी असा हिशोब होता. कागदावर एकदम सुंदर. पण शुद्धीकरण पुरेसं होत नाही, काळं फेसाळ पाणी येतं, अशी खालच्या शेतकऱ्यांची तक्रार कायम असते. आपण बेसिनमध्ये जे ओततो ते कुणाच्या तरी पालकाच्या वाफ्यात जातं, आणि तो पालक फिरून आपल्याच ताटात येतो. इतकं सरळ आहे ते.

मुख्य कालव्याचंही वय झालंय. २७ सप्टेंबर २०१८ ला जनता वसाहतीजवळ कालव्याची भिंत फुटली आणि दांडेकर पूल परिसरातल्या घरांत भरदिवसा पाणी शिरलं. आता खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत बोगद्यातून पाणी न्यायचा प्रकल्प पुढे आलाय. गळती थांबेल, चोरी थांबेल. पण मग मोकळ्या झालेल्या कालव्याच्या जागेचं काय? पुण्यात लांबच लांब मोकळी जमीन मिळाली तर तिच्यावर कुणाकुणाचा डोळा असेल, ते मी वेगळं सांगायला नको.

आमच्या सोसायटीत रोज सकाळी टँकर येतो. रिव्हर्स घेतानाचा तो टूं टूं आवाज हाच माझा अलार्म. कालवा इथून फार लांब नाही. दीडशे वर्षांपूर्वी ज्या पाण्यासाठी हा भाग ओळखला गेला, त्याच पाण्याच्या शेजारी राहून आम्ही ते लिटरवर विकत घेतो.

म्हणून हडपसरला घर बघायला याल तेव्हा जिम आणि स्विमिंग पूल बघून हुरळून जाऊ नका. चार प्रश्न विचारा. महापालिकेची पाण्याची लाइन आहे का, आणि किती वेळ पाणी येतं? उन्हाळ्यात रोज किती टँकर लागतात, आणि तो खर्च मेंटेनन्समध्ये आहे की वेगळा? सोसायटीचं सांडपाणी जातं कुठे, प्रक्रिया यंत्रणा आहे तर ती चालू असते का? आणि ही जागा महापालिकेत आहे, नगरपरिषदेत की ग्रामपंचायतीत? ब्रोकर वैतागेल. वैतागू दे. भाडेकरूचा सातबारा नसतो, पण मत असतं, आणि नळाला पाणी का नाही हे विचारायचा हक्कही असतो. मतदार यादीत पत्ता गावचाच ठेवून इथे दहा वर्षं राहिलात, तर तुमच्या वतीनं विचारणार कोण?

एखाद्या रविवारी मॉलऐवजी कालव्याच्या कडेनं थोडं चाला. पाण्याचा रंग बघा, वास घ्या, कडेला उरलेली दोन-चार शेतं बघा. आणि तुमच्याकडे पाणी कसं येतं, नळाला की टँकरनं, ते मला लिहून कळवा. हडपसर, मांजरी, केशवनगर, फुरसुंगी, कुठूनही चालेल. पुढच्या भागात ती उत्तरं वाचून दाखवीन. तोपर्यंत नळ नीट बंद करा. भेटूच!