एकाच दरवाज्याचा गड

गड बांधणाऱ्याला शत्रू कधी येणार हे ठाऊक नसते. तो तोफा आणणार की रात्री दोर लावून चढणार, हेही ठाऊक नसते. तरी तो गड बांधतोच. राखावयाचे काय, दुबळी जागा कोणती, आणि ज्यावर आपण विसंबून आहोत ते ऐन वेळी गेले तर पुढे काय, असे तीन प्रश्न तो स्वतःला विचारतो. पूर, भूकंप, दरड यांच्या बाबतीत आपण मात्र ‘यंदा पूर येईल का हो?’ एवढेच विचारतो, आणि खात्रीचे उत्तर कोणी देत नाही म्हणून स्वस्थ बसतो. गडाच्या रखवालीचे ते तीन प्रश्न आपल्या घराला आणि गावाला लावून पाहावेत, असे मला आज सुचवावयाचे आहे.

पहिला प्रश्न, राखावयाचे काय? गडाला बालेकिल्ला कशासाठी असतो? सगळेच राखता येईल असे नाही, हे आधीच मान्य करून शेवटपर्यंत काय सोडायचे नाही ते ठरविण्यासाठी. घराचेही तसेच आहे. आधी माणसे, मग रोजची औषधे, मग जमिनीचे आणि ओळखीचे कागद. पाणी उंबऱ्याला लागल्यावर धान्याच्या पोत्यांकडे धावायचे की अंथरुणाला खिळलेल्या आजीकडे, हा वाद त्या घटकेला घालायचा नसतो. तो आज, चहा पिता पिता मिटवायचा असतो.

दुसरा प्रश्न दुबळ्या जागेचा. येथे एक चमत्कारिक गोष्ट दिसते. एका संकटासाठी केलेला बंदोबस्त दुसऱ्या संकटात घातक ठरू शकतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे दगावली. तिथली घरे काही तकलादू दिसत नव्हती. चांगल्या जाड दगडी भिंती, माथ्यावर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात आत गारवा राही, चोराचीही प्राज्ञा नसे. पण दगड नुसत्या मातीत रचलेले, आणि भिंतीची आतली व बाहेरची बाजू एकमेकींना नीट बांधलेली नव्हती. धरणी हलताच भिंती फुटल्या आणि वरचे ओझे झोपलेल्या माणसांवर आले. तेव्हा ‘आमचे घर भक्कम आहे’ एवढे म्हणून भागत नाही. कशापुढे भक्कम, हे विचारले पाहिजे. बांधताना भिंतीत आरपार जाणारे दगड घालणे, सबंध घराला कमरपट्ट्यासारखी अखंड पट्टी देणे, माथ्यावरचे ओझे कमी करणे, हे उपाय गवंड्याच्या आवाक्यातले आहेत.

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी ‘आज्ञापत्र’ लिहिले. त्यात गडाला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष मानला आहे. दुसरा-तिसरा दरवाजा असावा, चोरदिंड्या असाव्यात, असे ते सांगतात. पाण्याचेही तेच. गडावर झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये. लढाईत तोफांच्या दणक्याने झरे आटतात, म्हणून राखीव टाकी बांधून ठेवावीत.

आता पुण्याकडे या. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे फुटले, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पूर ओसरला तेव्हा लोकांपुढे प्रश्न कोणता उभा राहिला? पिण्याच्या पाण्याचा! शहराला पाणी पुरवी ते खडकवासलाच. ज्याने बुडविले, त्याच्याच जाण्याने शहर तहानेलेही राहिले. अमात्यांचा झरा तो हाच, नाही का? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईकरांच्या खिशातले मोबाइल फोन मुके झाले. घरच्यांनी शोधायचे कुठे, निरोप कोणाकडे ठेवायचा, हे ज्यांनी आधी ठरविले नव्हते त्यांच्यापाशी दुसरा दरवाजाच नव्हता.

त्याच पानशेतच्या वेळी, आदल्या रात्री, लष्कराच्या जवानांनी धरणावर वाळूची पोती रचली. धरण वाचले नाही, पण काही तास टिकले, आणि पाणी भर रात्री न येता दिवसाउजेडी आले. असंख्य प्राण त्यामुळे वाचले. तटबंदीचे खरे काम हेच. ती शत्रूला कायमचे अडवीत नाही, आपल्याला वेळ मिळवून देते. पण कोणी कुठल्या वाटेने कुठे जायचे हे ठरलेले नसेल, तर मिळालेला वेळ नुसत्या धावपळीत जातो.

येथे माणसांचा प्रश्न येतो. शिवकाळात गड एकाच्या हाती नसे; हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तिघे असत. एक फितला तरी गड जाऊ नये, ही योजना. आपल्याकडे पूर काही फितवीत नाही, पण सरपंच त्या दिवशी परगावी असतो आणि शाळेची किल्ली शिपायाबरोबर लग्नाला गेलेली असते! शाळेची किल्ली दोघांकडे असावी, नाव दोघांना चालविता यावी. आणि वर्षातून एकदा, कोरड्या दिवशी, घंटा देऊन सगळ्यांनी त्या वाटेने चालून पाहावे. म्हाताऱ्या माणसाला टेकाडावर पोचायला किती मिनिटे लागतात, हे कागदावर कळत नाही.

गड राखणाऱ्यापेक्षा एका बाबतीत आपण सुदैवी आहोत. शत्रू वाट बदलतो, हूल देतो. नदीला कपट माहीत नाही. कृष्णा-पंचगंगेच्या काठाने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर पाहिले. पाणी कुठवर चढते हे तिथल्या भिंतींवरच्या खुणा सांगतात. त्या खुणा चुन्याने पुसून टाकू नका. नवे घर बांधताना, निदान दवाखाना आणि शाळा बांधताना, त्यांच्या वर बांधा.

तेव्हा आज रात्री जेवताना घरच्या माणसांना एवढेच विचारा: आपला दुसरा दरवाजा कोणता, दुसरे पाणी कुठले, आणि आजीचा हात धरणारा दुसरा माणूस कोण? तिन्हींची उत्तरे मिळाली नाहीत, तर पावसाळ्याच्या आत ती शोधा.