प्रयोगशाळेला वाली हवा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत नाट्य, संगीत, संतवाङ्मय हे विषय शोभून दिसतात. विद्यापीठातील संशोधन-प्रयोगशाळा सुरक्षित कशी उभारावी, हा विषय त्या पंगतीत काहीसा परका वाटेल. तरीही तो आम्ही हेतुपुरस्सर निवडला आहे. आपल्या कितीतरी घरांतील मुलेमुली आज दूरदूरच्या विद्यापीठांत संशोधन करीत आहेत. त्यांचा दिवस, आणि पुष्कळदा रात्रही, प्रयोगशाळेत जाते. त्या चार भिंतींत काय असते, हे घरच्या माणसांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : प्रयोगशाळेतील प्रत्येक धोकादायक वस्तूला, ती दारातून आत येते तेव्हापासून दाराबाहेर जाईपर्यंत, एक वाली असला पाहिजे. ‘विभाग’ किंवा ‘प्रशासन’ असा मोघम वाली कामाचा नाही. तो नावागावाचा माणूस हवा.

वाली नसला म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपल्या राजधानीतच घडले. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात गॅमा किरणांचे एक जुने यंत्र १९८५ पासून वापराविना पडून होते. २०१० च्या फेब्रुवारीत ते लिलावात निघाले आणि मायापुरीच्या भंगारबाजारात जाऊन पोहोचले. तेथील कामगारांनी ते फोडले. आत कोबाल्ट-६० होते. या द्रव्याचा किरणोत्सर्ग सुमारे सव्वापाच वर्षांत निम्म्यावर येतो. म्हणजे पंचवीस वर्षांनंतर तो १९८५ च्या मानाने जेमतेम चार टक्के उरला असणार. तेवढाही एका कामगाराचा बळी घेण्यास आणि इतर कित्येकांना गंभीर इजा करण्यास पुरेसा ठरला. यंत्र निकामी झाले होते. आतील द्रव्य मात्र आपले काम अविरत करीत होते. म्हणून प्रयोगशाळा उभारताना वस्तू आणायची कशी याबरोबरच ती अखेरीस घालवायची कशी, हेही पहिल्याच दिवशी लिहून ठेवले पाहिजे.

आता उभारणीकडे वळू. सुरक्षितता ही बांधकाम आटोपल्यावर खरेदी करण्याची वस्तू नव्हे. ती नकाशातच असावी लागते. विषारी वाफा ओढून छपराबाहेर सोडणारे काचेच्या पडद्याचे कपाट, ज्याला फ्यूम हूड म्हणतात, त्याच्या तोंडाशी हवा साधारणपणे सेकंदाला अर्धा मीटर या वेगाने आत ओढली जाते. हा वेग अगदी मंद आहे. कपाट दाराशेजारी ठेवले, तर जाणाऱ्या-येणाऱ्या माणसाच्या झुळकीने वाफा खोलीत परततात. जवळ छताचा पंखा फिरत असला, तरीही तेच घडते. लाखो रुपयांचे कपाट असे एका पंख्यापायी व्यर्थ होते. खोलीला बाहेर पडण्याच्या दोन वाटा हव्यात आणि दारे बाहेरच्या बाजूस उघडणारी हवीत. घाबरलेले माणूस दार ओढत नाही, ढकलते.

वायूंचेही स्वभाव निरनिराळे. आपल्या स्वयंपाकघरातील सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. हायड्रोजन हलका, तो छताशी गोळा होतो. हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांपासून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत कितीही असले, तरी एक ठिणगी पुरते. ५ डिसेंबर २०१८ रोजी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रयोगशाळेत स्फोट होऊन एका संशोधकाने प्राण गमावले, तिघे जखमी झाले; तेथे हायड्रोजनच्या टाकीचा स्फोट झाल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. अशा टाक्या शक्यतो इमारतीबाहेर, साखळीने बांधून ठेवाव्यात, नळीने वायू आत आणावा आणि गळतीची सूचना देणारे उपकरण छताजवळ बसवावे.

बाटल्या मांडायच्या त्या ग्रंथालयाप्रमाणे अक्षरानुक्रमे नव्हेत, तर स्वभावानुसार : नायट्रिक आम्ल एकीकडे, अॅसिटोनसारखी ज्वालाग्राही द्रव्ये दुसरीकडे. ईथरची बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी, कारण हवा लागल्यावर त्यात कालांतराने स्फोटक द्रव्ये तयार होतात. आणि ईथर घरगुती फ्रिजमध्ये ठेवू नये. आतल्या दिव्याच्या बटणाची ठिणगी पुरे होते. डोळे धुण्याचा नळ दहा सेकंदांत गाठता येईल असा हवा आणि त्याखाली डोळे पंधरा मिनिटे धुवावे लागतात.

परंतु उत्तम वास्तूही माणसांवाचून आंधळीच. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २९ डिसेंबर २००८ रोजी तेवीस वर्षांची एक साहाय्यिका हवा लागताच पेट घेणारे द्रव्य पिचकारीने काढीत होती. दट्ट्या निसटला, द्रव्य पेटले आणि अंगातील स्वेटरने पेट घेतला. तिच्या अंगावर प्रयोगशाळेचा डगला नव्हता. अठरा दिवसांनी तिचा अंत झाला. दोनच महिन्यांपूर्वीच्या तपासणीत, तेथील मंडळी डगले घालीत नाहीत, अशी नोंद झाली होती. नोंद होती, तिचा पाठपुरावा करणारा वाली नव्हता.

अनुभवी माणसालाही अभय नसते. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयाच्या प्राध्यापिका कॅरेन वेटरहान यांच्या हातमोज्यावर १९९६ च्या ऑगस्टमध्ये डायमिथाइल मर्क्युरीचे काही थेंब सांडले. मोजा तर होता. पण त्या रबरातून हे द्रव्य काही सेकंदांत आरपार जाते, हे त्या वेळी कोणास ठाऊक नव्हते. ८ जून १९९७ रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा मोजा घातला की नाही एवढेच विचारून भागत नाही. कोणत्या द्रव्यासाठी कोणता मोजा, हे विचारावे लागते.

हे ऐकून कोणी आपल्या मुलांना संशोधनापासून परावृत्त करू नये. चुलीला भिऊन कोणी उपाशी राहत नाही. पदर खोचून स्वयंपाक करण्याची शिस्त मात्र प्रत्येक घराने पिढ्यान् पिढ्या शिकवली. प्रयोगशाळेची शिस्त शिकवण्याचे दायित्व मार्गदर्शकाचे आणि विद्यापीठाचे आहे. ते विद्यार्थ्याच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. त्यासाठी लागणारा पैसा अंदाजपत्रकात यंत्रांच्या आधी मांडला पाहिजे, उरल्यास पाहू म्हणून नव्हे.

आणि आपल्याकडेही एक काम आहे. परगावी आलेल्या मराठी माणसाला कोणीतरी आपले असावे, म्हणूनच अशी मंडळे उभी राहिली. संशोधन करणारे मूल सुटीत घरी आले, की ‘प्रबंध कधी पुरा होणार?’ हा प्रश्न आपण हमखास विचारतो. त्याच्या आधी तीन प्रश्न विचारावेत : रात्री काम करताना सोबतीला कोण असते? अपघात झाल्यास कोणाला हाक मारायची, हे ठाऊक आहे काय? आणि ‘हे मला सुरक्षित वाटत नाही’ असे म्हटल्यास तुझे मार्गदर्शक रागावतात, की ऐकून घेतात? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना मूल अडखळले, तर विषय तेथेच सोडू नये, एवढीच आमची विनंती आहे.