दोन तारांचा कारभार

'बस' हा शब्द कानीं पडतांच नागपूरकरांच्या डोळ्यांपुढें सीताबर्डीहून सुटणारी गाडी उभी राहते. संगणकाच्या पोटांतील बस ती नव्हे. तथापि दोघींचें कूळ एकच आहे. 'सर्वांसाठीं' असा अर्थ असलेल्या 'ऑम्निबस' या लॅटिन शब्दाचें शेपूट तेवढें दोहोंकडे उरलें. यंत्रांतील निरनिराळे भाग ज्या सामाईक तारांवरून एकमेकांशीं बोलतात ती संगणकाची बस, आणि त्या बोलण्याची व्यवस्था लावणारी आज्ञावली हा तिचा ड्रायव्हर. हा ड्रायव्हर कर्नेलमध्यें, म्हणजे संगणकाचा सारा कारभार जेथून चालतो त्या गाभ्यांत, बसलेला असतो. एका चिपेचा ड्रायव्हर चुकला तर ती एक चिप मुकी होते. बसचा चुकला तर तारेवरचे सारेच शेजारी अडचणींत येतात. म्हणून तो गाभ्यांत घेण्यापूर्वीं दुसऱ्या कोणा जाणत्यानें ओळीनओळ तपासावा, अशी रीत आहे.

'लिनक्स' हा असा एक गाभा. फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्ड्स यांनीं १९९१ सालीं तो प्रसिद्ध केला. त्याची आज्ञावली कोणासही वाचावयास खुली असल्यामुळें परीक्षणास कचेरी किंवा हुद्दा लागत नाहीं. बजाजनगरांतील एखादा अभियांत्रिकीचा विद्यार्थीही तें करूं शकतो. लिहिणारानें मजकुराखालीं आपली सही घालावी, हा नियम २००४ पासूनचा. परीक्षकही सही घालतो. गंमत अशी, कीं त्या सहीबरोबर हमी मात्र येत नाहीं. आपण हें लक्षपूर्वक वाचलें, आपणांस ठाऊक असलेला दोष त्यांत उरलेला नाहीं, एवढेंच ती सही सांगते.

हा सावधपणा उगाच नाहीं. उदाहरणादाखल फिलिप्स कंपनीनें १९८२ सालीं काढलेली 'आय-स्क्वेअर-सी' ही बस घ्यावी. तिला दोनच तारा: एक मजकुराची, दुसरी तालाची. बोलणाऱ्यानें तार खालीं ओढावयाची. कोणी ओढली नाहीं तर ती आपोआप वर राहते. शून्य व एक अशा सात खुणांनीं पत्ता लिहितात, म्हणजे पत्ते होतात १२८. त्यांपैकीं १६ राखीव, उरले ११२. प्रत्येक आठ खुणांनंतर नववा ठोका पोंचपावतीचा.

मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे लोहमार्ग नागपूरजवळ एकमेकांस छेदतात. तेथील केबिनमधल्या माणसाचें कसब गाडी वेळेवर आली असतां दिसत नाहीं. ती अडली म्हणजे दिसतें. परीक्षकाची नजरही अशीच असावी लागते. ड्रायव्हरनें सुरुवातीस चार वस्तू मागून घेतल्या व तिसरी मिळाली नाहीं, तर पहिल्या दोन परत केल्या काय? 'उत्तर येईपर्यंत थांब' असें लिहिलें आहे. पण उत्तर आलेंच नाहीं तर? समजा, एखादी चिप शून्य सांगण्यासाठीं तार खालीं ओढून बसली आणि त्याच क्षणीं संगणक बंद होऊन पुन्हां सुरू झाला. चिप बिचारी पुढच्या ठोक्याची वाट पाहत तार धरूनच राहते, आणि इतर सर्वांचें बोलणें खुंटतें. यावर उपाय साधा आहे: तालाच्या तारेवर नऊ ठोके द्यावे, म्हणजे तिचें अर्धवट वाक्य पुरें होऊन तार सुटते. ही तजवीज कोठें आहे, असें परीक्षकानें अवश्य विचारावें.

परंतु आज्ञावली निर्दोष दिसूनही अनर्थ ओढवतो. २००० सालच्या सुमारास आय.बी.एम. कंपनीच्या कित्येक थिंकपॅड संगणकांवर तो ओढवला. यंत्रांतील तापमान मोजणाऱ्या चिपा शोधण्यासाठीं लिनक्सवरील एक साधन बसवरच्या पत्त्यांस क्रमानें हांक मारी. हांक अगदीं त्रोटक: पत्ता, 'लिहावयाचें आहे' एवढी खूण, आणि लगेच समाप्ति. बहुतेक चिपा पोंच देऊन गप्प बसत. '२४-आर-एफ-०८' ही स्मृति-चिप मात्र तें अर्धवट बोलणें विसरत नसे. तारेवरून पुढें जें जाई तें आपल्यासाठींच आहे असें समजून ती तें पोटांत लिहून घेई. तिच्यांतील मूळ मजकूर असा बिघडला, कीं संगणक पुन्हां सुरूच होईना. 'कोण आहे घरांत?' एवढ्या विचारण्यानें घर बसावें, तसा हा प्रकार!

हा दोष कागदावर वाचून कोणास सांपडला असता? हांक मारण्याची पद्धत नियमाबाहेरची नव्हती. म्हणून 'हें कोणत्या यंत्रावर चालवून पाहिलें?' हा प्रश्न परीक्षणांत सर्वांत मोलाचा मानावा लागतो. सुबक मांडणीची चर्चा त्यामागून. पुढें एका बसच्या ड्रायव्हरमध्यें यंत्राचा कर्ता ओळखून आय.बी.एम.च्या यंत्रांवर माघार घेण्याची सोय झाली. शिवाय अशा स्मृति-चिपा ज्या १६ पत्त्यांच्या आळींत राहतात तेथें तीच हांक लागोपाठ दोनदां मारण्याची ओळ सामाईक आज्ञावलींत आली, म्हणजे चिपेचें अर्धवट बोलणें दुसऱ्या हांकेनें मिटावें. कालांतरानें त्या आळींत लिहिण्याच्या खुणेऐवजीं एक अक्षर वाचून पाहण्याची रीत पडली.

ती दोनदां हांक मारण्याची ओळ नवख्या वाचकास निव्वळ पुनरुक्ति वाटली असती, आणि स्वच्छतेच्या भरांत त्यानें ती खोडलीही असती. पण तिच्यावर त्या चिपेचें नांव घेऊन तीनचार शब्दांची टीप ठेविलेली होती.