अंगठ्याची सूज आणि बीपीची गोळी

रात्री झोपताना काही नव्हतं, अन् पहाटे पायाचा अंगठा लालबुंद, सुजलेला. वर चादरसुद्धा सोसत नाही. गाउटचं दुखणं बहुधा असंच येतं. रक्तात युरिक ॲसिड वाढलं की त्याचे सुईसारखे बारीक खडे सांध्यात बसतात.

घरात मामंजींचा अंगठा असा ठणकला की आपण दुकानातून डायक्लोफिनॅक नाहीतर आयब्युप्रोफेन आणतो. त्यांना बीपीची गोळी चालू आहे, हे दुकानदार विचारत नाही, आपणही सांगत नाही. धोका तिथंच आहे. या वेदनाशामक गोळ्यांनी बीपी वाढतं. त्यातून टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल चालू असेल आणि जोडीला लघवी वाढवणारी गोळी असेल, तर तिन्हींचा भार किडनीवर पडतो. जुलाब झालेले असतील, उन्हात पाणी कमी पडलं असेल, तर किडनी एकाएकी बंद पडू शकते.

आणखी एक. लघवी वाढवणाऱ्या हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन या गोळ्यांनीच युरिक ॲसिड वाढतं. बीपीच्या गोळीच्या नावामागं ‘एच’ अक्षर असेल, तर बहुतेक वेळा त्यात हेच औषध असतं. पण म्हणून ती मनानं बंद करायची नाही हं! डॉक्टर बदलून देतात. लोसार्टननं तर युरिक ॲसिड थोडं उतरतं.

गाउटसाठी कोल्चिसिन आणि बीपीसाठी डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल सोबत चालू असेल, आणि जुलाब, उलट्या, हातापायांत अशक्तपणा सुरू झाला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घाला. आणि दुकानदाराला सांगा, पट्टी कापताना नाव कापू नकोस, बाबा.